धुराड्याची चूल घरात बसवताना: आधी पाइप, मग चूल

गावचं घर दुरुस्त करताना किंवा शेतावर दोन खोल्या बांधताना हल्ली बरेच जण स्वयंपाकघरात लाकडाची चूल घालून घेतात. गॅस असतोच, पण भाकरी, कालवण, अंघोळीचं पाणी, सणावाराचा मोठा स्वयंपाक यासाठी चूल हवी असते. आणि बहुतेक घरांत तोच प्रकार होतो. चूल पसंत पडते, घरी येते, रिकाम्या कोपऱ्यात बसते. पहिल्याच दिवशी डोळे चुरचुरले की पाइपची आठवण होते. भोक पाडायला जावं तर नेमका वर वासा. मग पाइप एकदा डावीकडे, एकदा बाहेर असा वळवून वळचणीखाली सोडून देतात. धूर घरातच घुटमळतो आणि खापर चुलीवर फुटतं.

चूल म्हणजे धुराड्याचं खालचं टोक, एवढं धरून चाललात तर निम्म्या चुका टळतील. धूर ओढण्याचं काम पाइपचं असतं. पाइपमधली गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा आत येते. पाइप चुकला तर कितीही भारी चूल आणा, ती धुमसतच राहणार. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. हे सगळं बैठ्या, स्वतःचं छप्पर असलेल्या घरांसाठी आहे. इमारतीतल्या फ्लॅटमध्ये हा उद्योग करू नये.

## १. काय शिजवणार आणि काय जाळणार

आधी घरातली भांडी काढा. रोज लागणारं सगळ्यात मोठं पातेलं, तवा आणि पाणी तापवायचा हंडा किंवा डेग. त्यांच्या बुडांची मापं कागदावर लिहा. चुलीचं तोंड या मापांवरून ठरतं. उलट केलं, म्हणजे चुलीप्रमाणे भांडी शोधायला गेलात, तर भांड्याच्या कडेने कायम धूर येईल.

मग जळण. बाभूळ, सुबाभूळ, काजू, आकेशिया असं जाड लाकूड मिळत असेल तर साधी वैलाची चूल, म्हणजे मागे दुसरं तोंड (वैल) असलेली, उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात तुराट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्या, जास्त जाळल्या जातात. त्या भुरकन जळतात, सतत सारत बसावं लागतं. तिथे जळणाचं तोंड थोडं रुंद आणि पुढे बसायला ऐसपैस जागा हवी. कोकणात करवंट्या, सोडणं (नारळाची सालं) आणि झावळ्या असतात. करवंट्यांचा जाळ फार कडक, त्यामुळे पातळ पत्र्याची चूल त्याने लवकर जळून जाते.

ढोबळमानाने पर्याय तीन:

- सुटी, उचलता येणारी पत्र्याची चूल. हिला धुराडं नसतं. अंगणात, पडवीत, उघड्यावर ठीक. यासाठी आयएस १३१५२ हे भारतीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे पंखा नसलेल्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. पण मानकाचा शिक्का आहे म्हणून ती बंद खोलीत चालते, असा अर्थ काढू नका.
- जागेवर बांधलेली वैलाची चूल, धुराड्यासह. माती-विटांची. पुढच्या तोंडावर जाळ, मागच्या वैलावर त्याच आगीची उरलेली धग. रोजच्या वापराला माझं मत हिलाच.
- बिडाची किंवा जाड पत्र्याची तयार चूल, धुराड्यासह. महाग, जड, टिकाऊ. क्वचित वापर असेल तर सोयीची.

अंघोळीच्या पाण्यासाठीच चूल हवी असेल तर सरळ बंब घ्या आणि तो न्हाणीच्या बाहेर ठेवा. बंबाला स्वतःचं नळकांडं असतं, पण ते बंद न्हाणीघरासाठी केलेलं नाही.

## २. सरपण चूल यायच्या आधी

याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचं कारण वेळ. पाइप दोन दिवसांत बसतो, लाकूड वाळायला महिने जातात. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. जाळण्याजोग्या लाकडात ते २० टक्क्यांच्या खाली हवं. ओलं लाकूड जाळलं की बरीच धग पाणी उकळण्यात जाते, उरलेल्याचा धूर होतो आणि तो धूर पाइपच्या आतून डांबरासारखा चिकटतो.

दिवाळीनंतर लाकूड फोडायला घ्या. मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करा. अख्खे ओंडके रचून ठेवले तर सालीआड पाणी तसंच राहतं. खाली दगड किंवा विटा मांडून त्यावर आडवं-उभं रचा, म्हणजे हवा खेळते. वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळलेलं सरपण आत घामेजतं आणि त्याला बुरशी येते.

तपासणी: दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या असतील तर खणखणीत आवाज येतो, ओल्या असतील तर बद्द. टोकांना चिरा पडलेल्या दिसल्या पाहिजेत आणि साल नखाने सुटली पाहिजे. आणखी खात्री हवी तर एका ढलपीवर खूण करून ती वाण्याच्या काट्यावर तोला आणि पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की ती तयार.

सावधान: बिब्बा, कण्हेर आणि शेर ही झाडं चुलीत घालू नका. बिब्ब्याचा धूर अंगावर उततो, चेहरा सुजतो. कण्हेर मुळातच विषारी. रंग दिलेल्या चौकटी, प्लायवूड, सनमायकाचे तुकडे, दुधाच्या पिशव्या यांनाही चुलीत जागा नाही. पिशवीचा तुकडा टाकून जाळ धरायची सवय घरोघरी आहे. ती मोडाच.

झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी तोडण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनखात्यात विचारा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार ठरावीक जातींची झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. फांद्या छाटून आणि पडझडीतून बहुतेक घरांचं भागतं.

## ३. जागा: खाली पाहण्याआधी वर पाहा

स्वयंपाकघरात उभे राहा आणि मान वर करा. वासे (उतरती लाकडं), रिपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या), आढं (छपराचं माथ्याचं लाकूड) कुठे आहे ते नीट पाहा. दोन वाशांच्या मधोमध आणि आढ्याच्या जवळ पडेल अशी जागा शोधा. तिथून ओळंबा सोडा. तो जिथे टेकेल तिथे पाइपचा बूड. चूल त्याच्या पुढे.

आढ्याजवळची जागा दोन कारणांनी. पाखावरून वाहणारं पावसाचं पाणी तिथे कमी असतं, त्यामुळे गळती कमी. शिवाय छपराबाहेर पाइप कमी उंच काढावा लागतो. वळचणीजवळ भोक पाडलंत तर आढ्याची उंची गाठायला बाहेर आठ-दहा फुटांचा पाइप उभा राहील, आणि तो वाऱ्यापावसात टिकत नाही.

जागा ठरवताना हेही पाहून घ्या:

- गॅसचा सिलिंडर. चूल आणि सिलिंडर एका खोलीत नसलेले बरे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की जमिनीलगत पसरतो, आणि बैठ्या चुलीचा जाळही तिथेच असतो. सिलिंडर बाहेर ठेवून भिंतीतून नळी आत घेणं हा सरळ मार्ग.
- लाकडी कपाट, फडताळ, विजेच्या वायरी. एकेरी पत्र्याच्या उघड्या पाइपपासून लाकूड किमान दीड फूट लांब हवं.
- समोरासमोर दार-खिडकी. चुलीच्या तोंडावर वाऱ्याचा झोत येत असेल तर जाळ बाहेर फेकला जातो. खिडकी बाजूला हवी, तोंडासमोर नको.
- एक्झॉस्ट फॅन. नव्या स्वयंपाकघरांतला हा सर्वांत मोठा घोळ. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो, तिच्या जागी हवा येते ती धुराड्यातूनच, आणि धूर उलटा खाली उतरतो. चूल पेटलेली असताना पंखा बंद, किंवा बाजूची खिडकी सताड उघडी.
- बाहेरचं जग. पाइपचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीसमोर, गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीशेजारी किंवा कडब्याच्या गंजीच्या वाऱ्यावर येता कामा नये.

बसून स्वयंपाक करायचा की उभ्याने, तेही इथेच ठरवा. उभ्याची चूल असेल तर भांडं टेकतं ती कड जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास ठेवा, नेहमीच्या ओट्यापेक्षा थोडी खाली. कारण चुलीवरचं भांडं खोल असतं आणि ढवळताना कोपर वर जातो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चूल बांधू नका. खाली विटांचे दोन थर द्या, नाहीतर फरशी तडकते.

## ४. पाइपचा हिशोब

दुकानात जायच्या आधी तीन आकडे हातात हवेत: व्यास, उंची, वळणं.

व्यास. तीन इंची पाइप स्वस्त पडतो म्हणून घेतला जातो. पण त्याचं तोंड जेमतेम ७ चौरस इंच. चार इंचीचं साडेबारा. म्हणजे एका इंचाने जवळजवळ पावणेदोनपट फरक पडतो. सहा इंचीचं २८. चार-पाच माणसांच्या वैलाच्या चुलीला चार इंच ही खालची मर्यादा. मोठ्या कुटुंबाची किंवा होमस्टेची चूल असेल तर सहा इंच. चुलीत जळण घातल्यावर तोंडात जेवढी मोकळी जागा उरते, तेवढीच पुढे पाइपपर्यंत कुठेही अरुंद न होता मिळत राहावी, असा अंदाज ठेवा.

उंची. चुलीपासून टोपीपर्यंत दहा-बारा फूट सरळ उंची हवी. छपरातून जिथे बाहेर निघतो तिथून पाइप तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं, शेजारची भिंत, पाण्याची टाकी, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. वारा आढ्यावरून उडी मारून पलीकडे खाली दाबला जातो. पाइपचं तोंड त्या दाबाखाली राहिलं तर धूर परत घरात.

वळणं. शून्य असतील तर उत्तम. नाइलाज असेल तर दोन, तीही ४५ अंशांची. काटकोनी एल्बो लावला की तिथे काजळी साठते आणि ओढ मरते. आडवा पाइप दोन फुटांपेक्षा लांब नको, आणि तोही चढता.

भिंतीतून काढायचा की छपरातून? भिंत दगडाची, जांभ्याची किंवा विटांची असेल तर भिंतीतून काढणं सोपं वाटतं आणि गळतीही होत नाही. पण बाहेरचा उभा पाइप गार राहतो, ओढ कमी पडते, आणि पावसाळ्यात भिजून आणखी थंड होतो. पत्र्याच्या किंवा कौलारू घरात मी छपरातून सरळ पाइपच सांगेन. गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर असेल तर मात्र छपरातून पाइप अजिबात न्यायचा नाही. तिथे चूल वेगळ्या, पत्रा घातलेल्या पडवीत.

## ५. खरेदी

आता बाजार. पाइप आधी घ्या.

पीव्हीसी चालत नाही. हे लिहावं लागतं कारण शेतघरांवर पांढरे पाइप धुराडं म्हणून लावलेले दिसतात. ते मऊ पडतात, वाकतात, जळतात आणि विषारी धूर सोडतात.

सिमेंटचा पाइप म्हणून हार्डवेअरच्या दुकानात जो करडा पाइप मिळतो तो पुष्कळदा अॅस्बेस्टॉसचा असतो. तो कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक. नवा घेऊच नका. जुना बसवलेला असेल तर त्याला कटर लावू नका.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप वरच्या भागाला चालतो. खालच्या, जाळाजवळच्या तीन फुटांना नाही. तिथे जस्ताचा मुलामा तापून उडतो आणि पाइप आतून कुजतो. खालचा तुकडा काळ्या लोखंडाचा, म्हणजे एमएसचा, किंवा स्टेनलेस स्टीलचा घ्या. भाजलेल्या मातीचे नळ मिळत असतील तर तेही छान, फक्त त्यांना भिंतीचा आधार लागतो.

फॅब्रिकेशनवाल्याकडून या गोष्टी एकदमच करून घ्या: बुडाशी झाकणाचा टी (तीन तोंडांचा जोड), भिंतीला धरणारे क्लॅम्प, छपरासाठी पत्र्याचा गळपट्टा (भोकाभोवती पाणी अडवणारी पत्र्याची कड), आणि टोपी. टोपी आणि पाइपचं तोंड यांत किमान पाइपच्या व्यासाएवढं अंतर हवं. सुंदर दिसावी म्हणून घट्ट बसवलेली टोपी म्हणजे बूच. पाखरांसाठी जाळी लावलीत तर अर्धा इंची भोकांची. डासांची बारीक जाळी पंधरा दिवसांत काजळीने बंद होते.

तयार चूल घेणार असाल तर घरचं पातेलं बरोबर न्या. संकोच करू नका. दुकानात चुलीवर ठेवून पाहा, डगमगतं का, कडेने बोट जाईल एवढी फट राहते का. जळणाखालची जाळी हाताने काढता येते का ते पाहा; जाळीच सर्वांत आधी झिजते आणि ती सुटी मिळाली पाहिजे. राख ओढायला खालून वाट आहे का? धुराच्या नळकांड्याचं माप तुम्ही ठरवलेल्या पाइपइतकं आहे का? चार इंच ठरवलंय आणि चुलीला तीन इंची नळकांडं आहे, तर ती चूल सोडून द्या. रिड्युसर, म्हणजे माप बदलणारा जोड, लावून जमवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तपासणी, पैसे देण्याआधी: व्यास, उंची आणि भांड्यांची मापं लिहिलेला कागद पुन्हा वाचा.

## ६. पाइप उभा करणे

दिवस कोरडा निवडा. कौलं काढायची आहेत, आणि ओल्या कौलांवरून पाय घसरतो.

ओळंब्याच्या रेषेत चार-सहा कौलं उतरवा. आड येणाऱ्या रिपा कापा, पण वाशाला करवत लावू नका. वासा आड येत असेल तर जागा चुकली आहे, चूलच वीतभर सरकवा. कापलेल्या रिपांना लोखंडी अँगलचा आधार द्या.

पाइप छपरातून थेट नेऊ नका. त्याभोवती दुप्पट व्यासाचं पत्र्याचं नळकांडं घाला आणि मधल्या पोकळीत रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, भरा. भुसा, थर्माकोल, चिंध्या भरणारे गवंडी आहेत; त्यांच्यावर लक्ष ठेवा. या बाहेरच्या नळकांड्यापासूनही लाकूड चहूबाजूंनी वीतभर लांब असू द्या.

सांधे जोडताना वरच्या पाइपचं टोक खालच्या पाइपच्या आत शिरलं पाहिजे. बहुतेक लोक याच्या उलट करतात, कारण उलट जोडलं तर धूर सांध्यातून बाहेर येणार नाही असं त्यांना वाटतं. ओढ चांगली असेल तर सांध्यातून धूर बाहेर येतच नाही, उलट खोलीतली हवा आत शोषली जाते. उलट्या सांध्यातून बाहेर येतं ते डांबर. पाइपच्या आतून ओघळणारा काळा चिकट रस सांध्यातून पाझरतो आणि चुन्याच्या भिंतीवर त्याचे असे ओघळ उमटतात की चार वेळा रंग दिला तरी पुसत नाहीत. छपराबाहेर मात्र सांधाच नको. तिथे पावसाचं पाणी शिरतं. बाहेरचा तुकडा एकसंध घ्या.

गळपट्ट्याची वरची कड वरच्या कौलाच्या खाली, आणि खालची कड खालच्या कौलाच्या वर. कौलं जशी एकावर एक चढतात तसंच. गळपट्टा आणि पाइप यांच्यातली फट सिमेंटने बुजवू नका. पाइप तापला की लांबतो, गार झाला की आखडतो. सिमेंट पहिल्याच आठवड्यात फुटतं आणि पहिल्या पावसात खाली पातेलं लावावं लागतं. त्याऐवजी पाइपला वरून पत्र्याची छत्री घट्ट बांधा, जी गळपट्ट्याच्या तोंडावर सैल झाकण धरेल.

बाहेर तीन फुटांपेक्षा जास्त पाइप असेल तर तारांचे तीन ताण द्या. कोकणात तर द्याच.

तपासणी: चूल अजून बांधलेली नाही. पाइपच्या खालच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. नसेल तर कागदाचा बोळा पेटवून आत धरा आणि पुन्हा पाहा. तरीही धूर बाहेर रेंगाळत असेल तर इथेच थांबा आणि उंची वाढवा. यापुढे गेलात तर दुरुस्ती महाग पडते.

## ७. चूल बांधणे

तयार चूल असेल तर तिला पाणसळीत बसवून नळकांडं जोडलं की हा टप्पा संपला. खालचं बांधून घेणाऱ्यांसाठी.

माती कुठली, यावर सगळं आहे. काळी माती वाळताना भेगाळते, ती एकटी वापरू नका. पांढरीची माती, वारुळाची माती किंवा कोकणात लाल माती चांगली. तीत भाताचं तूस किंवा गव्हाचा भुसा आणि शेण घालून दोन-तीन दिवस भिजत ठेवा, रोज एकदा तुडवा. मग मुठीएवढा गोळा करून सावलीत वाळवा. भेगा पडल्या तर वाळू किंवा तूस वाढवा. बोटाने भुगा होत असेल तर चिकण माती वाढवा. गोळा जमल्याशिवाय चुलीला हात लावू नका.

जाळाच्या जागी सिमेंट नको. धगीने ते ठिसूळ होऊन ढपले पडतात. आतून फायर ब्रिक मिळाल्या तर लावा, नाहीतर भाजक्या विटा आणि वरून तुसाची माती. बाहेरच्या बाजूला शोभेसाठी काय करायचं ते करा.

मापं अशी:

- जळणाचं तोंड सहा इंच रुंद, पाच इंच उंच.
- तळापासून दोन-तीन इंचांवर लोखंडी सळ्यांची सुटी जाळी. तिच्याखालून हवा येते आणि राख खाली पडते. जाळी नसेल तर लाकूड राखेत रुतून धुमसतं.
- जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत सहा-सात इंच. कमी केलं तर ज्योत बुडाला आपटून विझते आणि काजळी धरते.
- पहिल्या तोंडातून वैलाकडे जाणारं भुयार किंचित चढतं, चार इंचांचं.
- वैलाचा तळ उथळ, बुडाखाली जेमतेम तीन-चार इंच. म्हणजे धग बुडाला घासून जाते. खोल केलात तर धग तळाने पळते आणि वैलावर दूधही तापत नाही.
- वैलातून पाइपकडे जाणारी वाट भुयाराच्या बरोबर समोर, वरच्या अंगाला.

भांड्यांची तोंडं घडवताना माती ओली असतानाच खरी भांडी ठेवून, किंचित फिरवून ठसा घ्या. धुराड्याच्या चुलीत भांडं कडेला चपखल बसलं पाहिजे. साध्या चुलीसारखे तीन उंचवटे करून भांडं अधांतरी ठेवलंत तर पाइपऐवजी भांड्याच्या कडेनेच धूर येणार. गावच्या हातांना उंचवट्यांची सवय असते, म्हणून बांधताना समोर बसा.

पाइपच्या बुडाशी, चुलीची वाट जिथे मिळते त्याच्या वीतभर खाली, काजळी पडायला खण ठेवा आणि त्याचं झाकण हाताशी येईल असं पाहा. कपाटामागे गेलेलं झाकण कोणी उघडत नाही.

## ८. वाळवणे आणि पहिला जाळ

सावलीत दहा ते पंधरा दिवस. उन्हाचा कवडसा चुलीवर पडत असेल तर पोतं टाका. पडतील त्या बारीक भेगा रोज ओल्या हाताने, पातळ शेण-मातीने बुजवा. पाहुणे यायचेत म्हणून पाचव्या दिवशी चूल पेटवणाऱ्यांची चूल वर्षभर भेगाळत राहते.

मग पहिले दोन-तीन दिवस चार काटक्यांचा, अर्ध्या तासाचा जाळ. वर पाण्याची भांडी ठेवून. चूल आतून घाम सोडेल, बाहेरून ओलसर डाग दिसतील. ते गेले की पूर्ण जाळ.

तपासणी, पहिल्या मोठ्या स्वयंपाकात:
१. छपरात पाइपच्या सर्वांत जवळ असलेल्या लाकडावर तळहात ठेवा. हात सुखाने टेकत नसेल तर जाळ ओढून घ्या. रॉकवूल आणि अंतर वाढवल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.
२. सांध्यांजवळ उदबत्ती फिरवा. धूर आत खेचला जावा.
३. बाहेर जाऊन टोपी पाहा. जाळ धरल्यावर धूर विरळ आणि फिका हवा. काळाभोर किंवा दाट पांढरा येत राहिला तर लाकूड ओलं आहे किंवा तोंड कोंबलेलं आहे.

## ९. रोजच्या वापरातल्या चुका

वैल उघडा ठेवणे ही पहिली. वैलावर भांडं नसेल तर तवा, झाकण, काहीही ठेवा. उघड्या वैलातून पाइप खोलीतली गार हवा ओढतो आणि पुढच्या तोंडातून धूर बाहेर ढकलला जातो. चूल धूर करते ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी गेलं की बहुधा हेच दिसतं.

दुसरी, तोंड कोंबणे. दोन-तीन ढलप्या एका वेळी, टोकं आत, आणि वरून हवेला जागा.

तिसरी, काजळी न काढणे. रोजचा वापर असेल तर महिन्यातून एकदा. दोरीला दगड आणि वर काथ्याचा बोळा बांधून वरून सोडा, खालचं झाकण उघडून काजळी काढा. साठलेली काजळी पेट घेते. तेव्हा पाइपमधून घोंघाट ऐकू येतो आणि पाइप लाल होऊ लागतो. अशा वेळी जळण ओढून बाहेर काढा, चुलीचं तोंड आणि वैल पत्र्याने किंवा ओल्या मातीने बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन लावा. पाइपमध्ये वरून पाणी ओतायचं नाही. तापलेला पाइप फुटतो आणि वाफेचा लोट खाली येतो.

सावधान: धुराडं आहे म्हणून खिडक्या लावून घेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या रात्री चुलीतले निखारे घमेल्यात काढून बंद खोलीत शेकायला ठेवणं आणि तिथेच झोपणं जीवावर बेततं. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी मोकळ्या हवेत. सेलवर चालणारा अलार्म मिळतो. लावलात तर झोपायच्या खोलीजवळ लावा.

## १०. धूर उलटत असेल तर

या क्रमाने पाहा. फक्त पेटवताना धूर येतो आणि दहा मिनिटांत थांबतो: पाइप गार आहे, आधी बुडाच्या झाकणातून कागद पेटवून तो गरम करा आणि झाकण लावा. सतत येतो: वैल, बुडाचं झाकण, काजळी, एक्झॉस्ट फॅन, या क्रमाने. फक्त वारा सुटला की येतो: पाइप आढ्याच्या आडोशाला आहे, दोन फूट वाढवा. धूर अजिबात नाही पण लाकूड भसाभस जळतं आणि भांडं तापत नाही: ओढ जास्त आहे, वैल आणि पाइप यांच्या वाटेत विटेचा तुकडा सरकवून वाट थोडी कमी करा, पूर्ण बंद मात्र कधीच नको.

आणि घर पावसाळाभर बंद राहिलं असेल तर पहिला जाळ करण्याआधी बुडाचं झाकण उघडून आत टॉर्च आणि आरसा धरा. चिमण्या-साळुंक्यांची घरटी, कुंभारमाशीची माती, गंजून पडलेली टोपीची जाळी यांतलं काहीही असू शकतं. वर आभाळाचा गोल तुकडा दिसला तरच काडी ओढा.